ग्रंथालयाशेजारी मैदान हवे

स्मरणिकेच्या पानांवर दहावीच्या निकालाची टक्केवारी असते, नोकरीस लागलेल्या माजी विद्यार्थ्यांची नामावली असते, इमारतीच्या बांधकामाचा आढावा असतो. तो असावाच. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराला स्पर्श करू दिला गेला नाही, त्या समाजाने आपल्या लेकरांची गुणपत्रिका अभिमानाने छापावी, यात गैर काहीच नाही. साखऱ्यासारख्या ठिकाणी, हळद आणि सोयाबीनच्या शिवारात, पाऊस दगा देईल त्या वर्षी गावे कामाच्या शोधात रिकामी होतात. अशा भागात निवासी विद्यालय टिकवून धरणे हेच मोठे कार्य आहे. परंतु या आनंदाच्या प्रसंगी आम्ही वाचकांपुढे एक वेगळा विषय ठेवू इच्छितो. तो आहे मैदानाचा, आणि विशेषतः त्या मैदानावर नववीनंतर न दिसणाऱ्या मुलींचा.

आपल्या चळवळीचा इतिहास पाहिला तर हा विषय परका नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिने १९२५ मध्ये सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, हे आपण दरवर्षी भाषणांतून सांगतो. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालयासोबत तरुणांसाठी हॉकीचा क्लबही चालवला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तरुणांचे मन जुगार आणि दारू यांपासून वळावे, हा त्यामागील हेतू होता. हाती पैसा अत्यल्प, विरोध चोहोबाजूंनी, आणि तरीही पुस्तकाच्या जोडीला हॉकीची काठी देण्याचे त्या संस्थेला सुचले. वाचनालय आणि क्रीडा क्लब एकाच संस्थेच्या एकाच कार्यक्रमात होते. पुढे आपण वाचनालय जपले. काठी मात्र हातातून केव्हा सुटली ते कळलेही नाही.

मैदानावर कोणाला जागा मिळते, हा प्रश्न आपल्या देशात जातीचाच प्रश्न होता. पुण्याच्या क्रिकेट मैदानावर खेळपट्टीची निगा राखता राखता इंग्रज खेळाडूंना गोलंदाजी करणारे पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्याच बाळूंना चहापानाच्या वेळी सहखेळाडूंपासून वेगळे, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते पुढे त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. तो राजकीय मतभेद इतिहासात नोंदलेला आहे व तो लपवण्याचे कारण नाही. मात्र चेंडूने जे सिद्ध केले ते कोणत्याही निवडणुकीने पुसले जात नाही.

बॅडमिंटन या खेळाचे तर महाराष्ट्राशी जुने नाते आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत व तेथेच त्याचे प्रारंभीचे नियम आकारास आले. म्हणून त्याला काही काळ ‘पूना’ असेच नाव होते. पुढे क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या कन्यांनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले. मुंबईच्या अमी घिया आणि नंतर सलग नऊ वेळा राष्ट्रीय एकेरी विजेतेपद जिंकणाऱ्या अपर्णा पोपट यांनी ही परंपरा पुढे नेली. या नावांमागील गावे पाहावीत: पुणे, मुंबई. जेथे जिमखाना होता, बंदिस्त सभागृह होते, घरात शिक्षण होते आणि मुलीला रॅकेट देण्याची मुभा होती, तेथेच खेळाडू घडले. प्रतिभा इतरत्र नव्हती असे कोणी म्हणणार नाही. इतरत्र नव्हते ते छप्पर.

या पार्श्वभूमीवर दोन खेळाडूंच्या कारकिर्दी आम्ही वाचकांसमोर ठेवतो. एक आपल्या विदर्भातील, दुसरी थायलंडची.

मालविका बनसोड हिचा जन्म सप्टेंबर २००१ मध्ये नागपूर येथे झाला. आई-वडील दोघेही दंतवैद्य. मुलगी डावखुरी. मुलीच्या खेळाला शास्त्राचा आधार मिळावा म्हणून आईने क्रीडाविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतले. प्रशिक्षणासाठी मालविकाने पुढे रायपूर येथे प्रशिक्षक संजय मिश्रा यांचे मार्गदर्शन स्वीकारले. दहावी व बारावी या दोन्ही परीक्षांत तिने ९० टक्क्यांहून अधिक गुण मिळवले. ‘खेळाने अभ्यास बुडतो’ असे ठामपणे सांगणाऱ्या पालकांनी या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे.

२०१९ मध्ये तिने मालदीव आणि नेपाळ येथील वरिष्ठ गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाठोपाठ जिंकल्या. १३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या इंडिया ओपन स्पर्धेत तिने लंडन ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेत्या सायना नेहवाल यांचा २१-१७, २१-९ असा पराभव केला. त्या वेळी जागतिक क्रमवारीत तिचे स्थान १११ वे होते आणि वय वीस. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी लखनौ येथे सय्यद मोदी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पी. व्ही. सिंधू यांच्याकडून ती १३-२१, १६-२१ अशी हरली. सप्टेंबर २०२४ मध्ये चायना ओपनमध्ये तिने पॅरिस ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती इंडोनेशियाची ग्रेगोरिया तुनजुंग हिला २६-२४, २१-१९ असे नमवले, पुढची फेरीही जिंकली आणि उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या अकाने यामागुची हिच्याकडून ती पराभूत झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील हायलो ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत ती पोहोचली व तेथे उपविजेती ठरली. मार्च २०२५ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेत तिने सिंगापूरच्या येओ जिया मिन हिला तीन गेममध्ये हरवले, आणि पुढच्या फेरीत पुन्हा यामागुचीच समोर आली.

या कारकिर्दीत विजयांइतकेच पराभव आहेत. एका आठवड्यात एका ऑलिंपिक पदक विजेतीला हरवणारी मुलगी दुसऱ्या आठवड्यात दुसरीकडून हरते आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सरावाला जाते. आमच्या मते विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. परीक्षेत एकदा नापास झालेली मुलगी आपल्याकडे शाळाच सोडते. घरचे तिचे लग्न ठरवून मोकळे होतात. हरणे म्हणजे शेवट नव्हे, हे फळ्यावर लिहून समजत नाही. ते दररोज संध्याकाळी हरून आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उभे राहूनच अंगी बाणते.

आता दुसरी खेळाडू. रत्चनोक इंतानोन हिचा जन्म फेब्रुवारी १९९५ मध्ये थायलंडच्या ईशान्येकडील यासोथोन प्रांतात झाला. त्या देशातला हा भाग गरीब, शेतीवर जगणारा आणि पोटासाठी राजधानीकडे स्थलांतर करणारा. मराठवाड्याच्या माणसाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. तिचे आई-वडील बँकॉकच्या एका मिठाई कारखान्यात मजुरी करीत. कारखान्यात उकळत्या पाकाच्या कढया. त्यांच्या आसपास कामगारांची लहान मुले खेळत. एखादे लेकरू भाजेल या काळजीने मालकीणबाईंनी मुलांना कारखान्याशी जोडलेल्या बॅडमिंटन क्लबकडे वळवले. सहा वर्षांची रत्चनोक अशी रॅकेटपाशी पोहोचली. चिनी प्रशिक्षक शिए झीहुआ यांनी तिला घडवले.

२००९, २०१० आणि २०११ अशी लागोपाठ तीन वर्षे ती कुमारांची जागतिक विजेती ठरली. ऑगस्ट २०१३ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे, लंडन ऑलिंपिकची सुवर्णपदक विजेती ली शुएरुई हिला तिच्याच देशात, तिच्याच प्रेक्षकांसमोर २२-२०, १८-२१, २१-१४ असे हरवून ती जगज्जेती झाली. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. एकेरीत इतक्या लहान वयात कोणी जगज्जेतेपद मिळवले नव्हते. २०१६ मध्ये भारत, मलेशिया आणि सिंगापूर येथील तीन मोठ्या स्पर्धा सलग जिंकून ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये तिने आपल्या देशाचा ध्वज हाती घेतला. ऑलिंपिक पदक मात्र तिला लंडन, रिओ, टोकियो वा पॅरिस येथे लाभले नाही. तरीही तिने खेळणे थांबवले नाही.

जून २०२५ मध्ये जकार्ता येथील इंडोनेशिया ओपन स्पर्धेत या दोघी समोरासमोर आल्या. नागपूरच्या मालविकाने पहिला गेम २१-१६ असा जिंकला होता, दुसऱ्यात १६-१५ अशी आघाडी होती, आणि अशा क्षणी गुडघ्याच्या दुखापतीने तिला सामना सोडावा लागला. माजी जगज्जेतीवरील विजय काही गुणांवर आला असताना शरीराने साथ सोडली. खेळ कोणालाच न्यायाची हमी देत नाही. तो फक्त समान रेषा आखून देतो: दोन्ही बाजूंस तेवढेच अंतर, मध्ये तेवढीच उंच जाळी. मजुराची लेक आणि डॉक्टरांची लेक त्या रेषांच्या आत सारख्याच असतात. आपल्या समाजव्यवस्थेने अशी रेषा कधी आखली नाही. म्हणूनच आम्हांस खेळ हा समतेचा धडा वाटतो.

या दोन जीवनकथांतून काय घ्यावे, याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. थायलंड हा बौद्ध देश, महाराष्ट्रातील कित्येक विहारांत तेथून आलेल्या बुद्धमूर्ती विराजमान आहेत, म्हणून रत्चनोकचे कौतुक करून आपण थांबू नये. तसेच खेळाडूच्या आडनावावरून ती कोणाची, हे शोधण्याच्या फंदातही पडू नये. २०१६ मध्ये सिंधू यांनी रिओ येथे रौप्यपदक मिळवले तेव्हा देशातील असंख्य लोक इंटरनेटवर त्यांची जात शोधत होते. २०२१ मध्ये टोकियो येथे महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला तेव्हा वंदना कटारिया यांच्या हरिद्वारजवळील घरासमोर जातीवाचक शिवीगाळ झाली. जिंकल्यावर जात शोधणारे आणि हरल्यावर जात काढणारे एकाच रोगाने ग्रस्त आहेत. आपण त्या रोगाचे वैद्य व्हायचे आहे, रुग्ण नव्हे.

घ्यायचे ते असे. मालविकाच्या मागे शिकलेले आई-वडील होते. शिक्षणाने एका पिढीला जे दिले ते त्यांनी पुढच्या पिढीच्या खेळासाठी खर्च केले. रत्चनोकच्या मागे असे आई-वडील नव्हते. तिच्या मागे एक संस्था उभी राहिली. आपल्या विद्यालयातील बहुतांश मुली रत्चनोकच्या बाजूच्या आहेत. त्यांच्या घरी क्रीडाविज्ञान शिकलेली आई नाही. कोयता घेऊन फडावर गेलेली आई आहे. म्हणून त्यांच्या बाबतीत आई-वडिलांनी करावयाचे बरेचसे काम संस्थेलाच करावे लागेल. निवासी शाळा या शब्दाचा खरा अर्थ तोच आहे.

मात्र येथे एक भेद लक्षात ठेवावा. बँकॉकच्या त्या मुलीला मैदान मिळाले ते मालकीणबाईंच्या दयाबुद्धीने. त्या चांगल्या होत्या म्हणून एक रत्चनोक घडली. ज्या कारखान्यांचे मालक तसे नव्हते तेथील मुले कढयांजवळच राहिली. बाबासाहेबांनी आपल्याला दयेवर जगायला शिकवले नाही. जे एकीला योगायोगाने लाभले ते प्रत्येकीला हक्काने मिळावे, यासाठीच संविधान आहे व यासाठीच आपल्या संस्था आहेत. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. या मापात मैदानही धरले पाहिजे.

काही आक्षेप येतात, आणि त्यांना उत्तर देणे कर्तव्य आहे. पहिला आक्षेप खर्चाचा. बॅडमिंटन हा श्रीमंतांचा खेळ, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. स्पर्धेतील शटलला पक्ष्याची सोळा पिसे असतात, त्याचे वजन जेमतेम पाच ग्रॅम, आणि वाऱ्याची झुळूकही त्याला भरकटवते. म्हणून बंदिस्त सभागृह लागते. मोठ्या खेळाडूंच्या एका सामन्यात अनेक शटल खर्ची पडतात. परंतु दुहेरीचे संपूर्ण कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असते. एवढी जागा आपल्याकडे निश्चित आहे. प्रारंभी नायलॉनचे शटल आणि उंच पत्र्याचे छप्पर पुरेसे आहे. तेही न जमल्यास कबड्डी, खो-खो आणि धावणे आहेच. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या कष्टकरी घरातील अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक विजेता ठरला. खेळ कोणता, हा प्रश्न दुय्यम आहे. मुलीला दररोज एक तास मोकळे मैदान मिळते की नाही, हा प्रश्न पहिला आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा. मुलगी मोठी झाली, आता मैदानावर कशाला? उन्हात काळी पडेल, लोक काय म्हणतील, हातपाय मोडला तर स्थळ कसे येईल? हे प्रश्न आम्ही पालक सभांतून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. विचारणारे पालक निष्ठुर नसतात. ते भ्यालेले असतात. परंतु ही भीती कोठून आली, याचा विचार करावा. स्त्रीचे शरीर झाकावे, आवरावे, घरात ठेवावे, ही शिकवण ज्या ग्रंथाने दिली तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळण्यात आला. त्याची राख होऊन जवळपास शतक झाले. आपल्या अंगणात तिचा कणही शिल्लक राहू नये.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेळात पदक लाखात एकीला मिळते, उरलेल्यांचे काय? राज्यातील शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडागुणांची सवलत आहे, हे खरे. परंतु केवळ या लाभासाठी खेळाकडे वळवणे आम्हांस मान्य नाही. त्या लोभातून बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्याने पाहिली आहेत. उरलेल्यांना काय मिळते, याचे उत्तर पदकात शोधू नये. सशक्त शरीर, सरळ मान, परक्या गावी एकटीने जाण्याचे धैर्य, आणि पंचाचा निर्णय विरोधात गेला तरी तोल न सोडण्याची सवय, एवढे तर प्रत्येकीला मिळते. परिचारिका होणारी, पोलीस भरतीस जाणारी, शेत सांभाळणारी अशी प्रत्येक मुलगी ही शिदोरी जन्मभर वापरते.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम हे एक अंग आहे. पाली भाषेत त्याचा अर्थ योग्य प्रयत्न. मराठीत तोच शब्द शरीराच्या कसरतीसाठी रूढ झाला, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. अतिकठोर साधनेने पायांतून रक्त येईपर्यंत चालणाऱ्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचा दृष्टान्त दिला होता. तार फार ताणली तर तुटते, सैल ठेवली तर वाजत नाही. पुस्तकाची तार आपण योग्य त्याच ताणाने लावली आहे. शरीराची तार मात्र सैल सुटली आहे. आणि ज्यांना खेळाडू घडवायचे आहेत त्यांनीही ध्यानात ठेवावे की ती तार तुटेपर्यंत ताणायची नाही. मालविकाचा दुखावलेला गुडघा हेच सांगतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही चार सूचना मांडतो. पहिली, वेळापत्रकातील खेळाचा तास नववी-दहावीत इतर विषयांना देऊ नये, आणि तो मुलींना मुलांइतकाच मिळावा. दुसरी, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून पुढील बांधकाम करावयाचे झाल्यास कमान किंवा नामफलकापूर्वी मैदानाचे सपाटीकरण, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि पत्र्याचे एक उंच छप्पर यांचा विचार व्हावा. तिसरी, वसतिगृहाच्या आहारात डाळ, अंडी, शेंगदाणे यांचे प्रमाण वाढावे. उपाशी शरीराकडून खेळाची अपेक्षा करणे ही क्रूरता आहे. चौथी, आपल्या माजी विद्यार्थिनींपैकी ज्या पोलीस दलात, सैन्यात वा क्रीडाशिक्षणात आहेत, त्यांनी वर्षातून आठ दिवस येथे येऊन मुलींसोबत मैदानावर उतरावे. व्यासपीठावरील सत्कारापेक्षा त्यांची ती उपस्थिती अधिक मोलाची ठरेल.

यातून उद्या साखऱ्याची मुलगी जकार्ता वा ग्वांगझूला जाईल, असे आश्वासन आम्ही देत नाही. तसे आश्वासन देणारा लबाड असतो. आमचे म्हणणे इतकेच की तिच्यात ती शक्ती असेल तर छप्पर नव्हते, वेळ नव्हता, परवानगी नव्हती, या कारणाने ती विझू नये. शंभर वर्षांपूर्वी अत्यंत दरिद्री अवस्थेतील एका संस्थेने वाचनालयाला क्रीडा क्लबची जोड दिली होती. आज आपल्यापाशी इमारत आहे, जमीन आहे, नोकरीतले माजी विद्यार्थी आहेत. त्या संस्थेचे वारस म्हणवून घ्यायचे तर ग्रंथालयाशेजारी मैदान हवे, आणि त्या मैदानावर आपल्या लेकी हव्यात.

नमो बुद्धाय! जय भीम!